समजामामींचा समुद्र

मामी पाण्याला भ्यायच्या. आता पाण्याला भिणारी माणसं सांगलीत काही कमी नाहीत. पावसाळ्यात धरणातून पाणी सुटलं की आख्खं गाव पुलाजवळच्या फुटांच्या पट्टीकडं डोळे लावून बसतं. पण मामींचं भिणं त्या साध्या दर्जाचं नव्हतं. भरलेल्या बादलीकडं त्या पाठ करून उभ्या राहायच्या नाहीत. घागर काठोकाठ भरली तर दोन ओंजळी पाणी काढून टाकायच्या. नळाला पाणी यायच्या आधी जी फुसफुस होते, ती ऐकून त्या कुलदैवताचं नाव घ्यायच्या, हे मी ह्या कानांनी ऐकलंय. माझ्या बोलण्यातला निम्मा भाग वजा करायची आमच्या गल्लीत पद्धत आहे. तुम्हीही करा, उरेल तेवढं खरं. पण ह्याच मामींनी साठी जवळ आल्यावर, नवऱ्याबरोबर, स्वतःच्या बोटीत बसून रत्नागिरीपासून कारवारपर्यंतचा समुद्र पालथा घातला, ह्यातलं काही वजा करू नका.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि ते तिथंच राहिलं. गावासाठी त्या समजामामी. कारण त्यांचं कुठलंही वाक्य 'समजा'नं सुरू व्हायचं आणि 'मग?'वर येऊन थांबायचं. मी लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तेव्हा त्यांनी ती उलटसुलट बघितली, हळद-कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "बापू, समजा ऐन अक्षतंला पोरीनं तुला नीट बघितलं आन् न्हाई म्हणाली, मग?" तो 'मग' हवेत लोंबकळत ठेवून त्या तुमच्याकडं बघत राहायच्या. उत्तर दिल्याशिवाय चहा मिळायचा नाही. मी म्हणालो, "मग तुमच्याकडं जेवायला येईन." त्यांचं समाधान झालं. त्यांना संकट टळायला नको असायचं. संकटाच्या पलीकडं काय आहे, एवढंच ठाऊक असायला हवं असायचं.

सुभेदार म्हणजे त्यांचे यजमान, अगदी उलटे. साताऱ्याकडच्या ऊसवाल्या घरातले. फौजेत गेले, नद्यांवर लोखंडी पूल टाकणाऱ्या पलटणीत हयात काढली आणि निवृत्त होऊन सांगलीत नदीपासून तीन गल्ल्यांवर घर बांधलं. घाबरायचं कसं, हे फौजेनं त्यांना शिकवलं नव्हतं. ते काम मामी दोघांच्या वाटचं करायच्या. मोठ्या पुरात सुभेदारांनी मागून आणलेल्या होडीतून आमच्या गल्लीतली एकोणतीस माणसं, तीन शेळ्या आणि एक शिवणयंत्र बाहेर काढलं. मी सांगतो तेव्हा ती माणसं दोनशे होतात, पण ते असू द्या. पूर ओसरला, मामी घरातला गाळ ओढत होत्या, आणि सुभेदार पायरीवर बसून म्हणाले, "होडी सोताची पायजे. आन् एकदा लांब जाऊन यायचं. समुद्रानं. तू आन् मी."

मामींच्या हातातलं फावडं खाली पडलं. "समजा, मी न्हाई म्हणाले, मग?"

"मग मी एकटा जातो."

हे उत्तर मामींच्या हिशेबात नव्हतं. त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसल्याची आमच्या गल्लीतली ती पहिली नोंद.

बोट आली ती रत्नागिरीकडच्या एका मच्छीमाराची, जुनी, फायबरची, सव्वीस फुटी. शहाणा माणूस ती तिथंच दुरुस्त करून तिथंच पाण्यात सोडेल. सुभेदारांनी ती ट्रकवर घातली आणि आंबा घाटातून वर, समुद्रापासून शंभर मैल लांब, आमच्या माधवनगरला आणली. का? तर म्हणे, "माजी माणसं हितं हायती." माजी माणसं म्हणजे मी. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीत नवी तार भरणं हा माझा धंदा. एका बंद पडलेल्या कापड गिरणीच्या शेडमध्ये बोट उतरवली. गावातून तो ट्रक येताना चौकातल्या पोलिसानं थांबवून हळूच विचारलं, "सुभेदार, यंदा पाणी कितपत येणार म्हणताय?" दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये रांग लागली. कुणी म्हणे आमची चार माणसं धरा, कुणी म्हणे म्हातारीला तेवढी पुढची जागा द्या. हळदीच्या एका व्यापाऱ्यानं पोती किती बसतील ते विचारलं. बोट समुद्रात जायची आहे, ह्यावर कुणाचा विश्वासच बसेना. सांगलीत बोट असते ती पुरासाठी.

मी इंजिन सुरू करायची मोटार आणि पाणी उपसायचा पंप भरत होतो, आणि मामी शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर वही घेऊन बसायच्या.

"समजा इंजिन बंद पडलं, मग?"

"मग हे बारकं इंजिन हाय की," सुभेदार बोटीच्या पोटातून ओरडायचे.

"समजा बारकं बी बंद पडलं, मग?"

"मग वल्हं."

"समजा तुमी दमला, मग?"

"मग तू मार वल्हं!"

"आवं, मला कुठं येतंय?"

"मग शीक की!"

मामींनी वहीत लिहिलं : वल्हं शिकणे. अशा एकसष्ट ओळी झाल्या, आणि प्रत्येक ओळीची एक वस्तू होऊन ती बोटीत चढली. दोन नांगर, चार बादल्या, पन्नास हात दोर, ताडपत्री, शिट्टी, आरसा, दोन स्टोव्ह, गुळाची ढेप, शेंगदाण्याच्या चटणीचे तीन डबे. "बापू, ही बोट हाय का किराणा मालाचं दुकान रं?" सुभेदार विचारायचे. बोटीचं नाव त्यांना 'रणझुंजार' ठेवायचं होतं. पेंटर आला त्या दुपारी ते जेवायला गेले होते. परत आले तेव्हा निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : सावकाश. मामी वहीत डोकं घालून बसल्या होत्या.

बोट कृष्णेत उतरवली तेव्हा मामी चढल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चढल्या, पण बोट घाटाला बांधलेली असतानाच. अंगात फुगीर जॅकेट, त्यावर दुसरं फुगीर जॅकेट, मांडीवर परात, परातीत ज्वारी. तासभर खडे निवडले आणि उतरल्या. असं आठ दिवस. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका पोट धरून हसायच्या. "सुभेदारीणबाई, कुठवर आला ओ?" एकीनं विचारलं. "अजून पायलीभर राहिलंय," मामी म्हणाल्या. नवव्या दिवशी परात बाजूला ठेवून त्यांनी नवऱ्याला एवढंच सांगितलं, "सोडा." त्या दिवसापासून सुकाणू धरायला त्या शिकल्या. दात-ओठ खाऊन, डोळे वटारून, शाळेत पहिल्यांदा पाटी धरणाऱ्या पोरासारख्या. पण सरळ रेष मारायच्या. सुभेदारांची रेष वाकडी जायची, कारण ते काठावरच्या प्रत्येकाला हात करायचे.

निघायच्या चार दिवस आधी मामी एकट्याच दुकानात आल्या. "बापू, शटर अर्धं खाली घे."

मी घेतलं. त्यांनी बटव्यातून औषधाच्या गोळ्यांची बारकी बाटली काढून काउंटरवर ठेवली. मिरजेच्या डॉक्टरांनी सुभेदारांचं हृदय तपासलं होतं. एकदा बारीकसा झटका येऊन गेलेला होता, तो ह्या गृहस्थांनी पित्त म्हणून लपवलेला. दुसरा कधीही येईल. घरी बसवा, डॉक्टर म्हणाले होते.

"मग बसवा की मामी! हा काय समुद्रावर जायचा वेळ आहे?"

"तू बसवून दाखव," त्या म्हणाल्या. "त्यांना घरात बसवलं तर महिन्याच्या आत जातील. नुसतं दाराकडं बघून जातील. आन् एकटं सोडलं तर कुणी बघायला न्हाई. मला पोहता येत न्हाई, बापू. पण जिभंखाली गोळी ठिवता येती."

त्यांनी मला एक काम नेमून दिलं. रोज सकाळी सातला त्या फोन करणार. एक दिवस आला नाही तर मी गप्प बसायचं, रेंज नसेल असं समजायचं. दुसऱ्या दिवशी सातपर्यंतही आला नाही, तर पोलिसांना कळवायचं. "आन् फोन आला न्हाई तरी वैशूला काय बी सांगायचं न्हाई. ह्यांच्या दुखण्याचं तर अजिबात न्हाई. ती पुण्यासनं गाडी काढंल आन् बापाला उचलून घिऊन जाईल." वैशाली त्यांची एकुलती लेक. मी शपथ घेतली. शपथा मी तशा बऱ्याच घेतो. ही मात्र अंगाला चिकटली. त्या गेल्यावर मी शटर वर घेतलं नाही.

दिवाळी झाल्यावर, समुद्र शांत असताना, बोट पुन्हा ट्रकवरून घाट उतरली. मीही गेलो होतो. रत्नागिरीजवळच्या एका खाडीत ती पाण्यात सोडली. सुभेदारांनी ती जेटीला बांधली, आणि काय बांधली! आखूड दोर, चार गाठी, वर पलटणीतली एक खास गाठ. कृष्णेला पूर असताना होडी वाहून जाऊ नये म्हणून बांधतात तशी, हलायलासुद्धा जागा न ठेवता. "आता ही जाऊन दाखवू दे," ते म्हणाले. आम्ही तिघं गावात जेवायला गेलो. जेवण झालं, सुभेदारांनी खानावळीतच टेबलावर डोकं टेकून डुलकी काढली. परत आलो तर बोट पाण्यात नव्हती. ती हवेत होती. जेटीच्या खांबांना दोरांनी लटकलेली, जत्रेतल्या पाळण्यासारखी एका अंगावर कललेली, आणि पाणी खाली पुरुषभर अंतरावर. आतली एकसष्ट संकटांवरची सगळी औषधं एका कोपऱ्यात गोळा झालेली. गूळ स्टोव्हवर, चटणी आरशावर.

जेटीवर एक म्हातारा तांडेल जाळं विणत बसला होता. तांडेल म्हणजे मच्छीमार बोटीचा मुख्य. तो इतका हसला की त्याच्या हातातलं जाळं उसवलं. "अहो, ही नदी नाय. इथं पाणी दिवसातून दोनदा उतरतं न् दोनदा चढतं. दोर सैल ठेवायचा असतो." सुभेदारांचा चेहरा कधी नव्हे एवढा पडला. आणि मामी? मामी हादरल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बापू, पाणी चढंल ह्याचं भ्या मला जन्मापास्नं हाय. पाणी पळून जाईल, हे वहीत कुठंच न्हाई रं!" खरं होतं. सांगलीच्या माणसाला चढतं पाणी कळतं. उतरतं पाणी म्हणजे सुटलो, एवढंच त्याला ठाऊक.

त्यानंतर मामी त्या तांडेलाच्या समोर मांडी घालून बसल्या. पाणी किती वाजता चढतं, उद्या किती उशिरा, अमावस्येला किती, पौर्णिमेला किती, खाडीच्या तोंडाशी वाळू साठते तिथं उतरत्या पाण्यात लाटा का फुटतात. तांडेल सांगून सांगून थकला. शेवटी म्हणाला, "बाय, माझ्या पोरांनी पण एवढं विचारलं नाय." दूधवाल्याचे खाडे मांडायला आणलेल्या कॅलेंडरवर मामींनी पुढच्या महिन्याची भरती-ओहोटी लिहून काढली. दुसऱ्या दिवशी पहाट झाल्यावर 'सावकाश' बाहेर पडली. सुभेदार उभे राहून जेटीवरच्या एकूण एक माणसाला हात करत होते. मामी सुकाणूशी बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं नाही, कारण तांडेलानं पुढं बघायला सांगितलं होतं.

मग सुरू झाली माझी सात वाजताची नोकरी. मी तसा आठला उठणारा माणूस. त्या महिन्यात साडेपाचला उठून फोन समोर ठेवून बसायचो. सात वाजून एक मिनिट झालं की माझ्या कपाळावर घाम यायचा, दोन मिनिटं झाली की बायको पंखा लावायची. "बापू, आमी हाय," हे मामींचं पहिलं वाक्य. मग त्या कुठं आहेत ते सांगायच्या : देवगड, मालवण, वेंगुर्ला. मग सुभेदार फोन हिसकावून घ्यायचे. "गड्या, काल मासं उडत हुतं! पाखरावाणी! तुला सांगतो, तू हितं असतास तर तुजं खोटं बोलणं बंद झालं असतं. हितं खरंच तसलं हाय!" मागून मामींचा आवाज, "हळू बोला. दम लागतोय." ते शेवटचं वाक्य ऐकलं की माझा दिवस फुकट जायचा. महिन्यात मी नऊ किलोंनी उतरलो. बरं, चार म्हणा.

ते कारवारला पोचले, तिथं दोन दिवस राहिले आणि परत फिरले. मालवण मागं पडलं. मी मनात दिवस मोजायला लागलो. अजून तीन, फार तर चार.

आणि एका सकाळी सात वाजले, फोन आला नाही. सव्वासात. आठ. मी लावला तर बंद. दुकान उघडलं, मोटार खोलली, तार कुठली कुठं भरली ते कळेना. बायको म्हणाली, "अहो, पोलिसांना सांगा." मी म्हणालो, "उद्या सातपर्यंत थांबायचं ठरलंय." ती म्हणाली, "ठरलं तेव्हा त्या जमिनीवर होत्या." मी फोन हातात घेतला आणि ठेवला. घेतला आणि ठेवला. कळवावं तर वैशालीला कळणार, वैशालीला कळलं तर दुखण्याचं कळणार. न कळवावं तर...

अकराच्या सुमारास फोन वाजला. मी झडप घातली. वैशाली होती.

"बापूदादा, आईचा फोन लागत नाहीये. तुमच्याकडे आला होता का आज?"

जन्मभर मी थापा मारत आलो. पुराच्या पाण्यात मगरीच्या पाठीवर उभं राहून आंघोळ केल्याचं मी सांगितलेलं आहे. पण त्या थापांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं. मी म्हणालो, "आला होता. मजेत आहेत." आणि फोन ठेवला. त्या बाईचे आईवडील ह्या क्षणी पाण्याच्या वर आहेत की खाली हे मला माहीत नव्हतं, आणि मी तिला मजेत आहेत म्हणून सांगितलं होतं.

तो दिवस आणि ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सहा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी अनोळखी नंबरावरून फोन आला. "बापू, आमी हाय. सात वाजायच्या आत केलाय बघ. पोलिसांना न्हाई न्हवं सांगितलंस?" मी फोन दोन्ही हातांनी धरून खाली बसलो. मामी घाबरून म्हणाल्या, "बापू? हाईस न्हवं रं?"

घडलं होतं ते असं. आदल्या सकाळी सहाला ते एका खाडीतून निघाले. अर्ध्या तासानं सुभेदारांच्या हातातून चहाचा कप सुटला. अंग घामानं निथळलं. ते कोसळताना मामींनी त्यांना धरलं, त्या झटापटीत कमरेचा फोन पाण्यात गेला. सुभेदारांचा फोन कधीच चार्ज नसायचा. मामींनी गोळी जिभेखाली ठेवली, त्यांना ताडपत्रीवर निजवलं आणि स्वतः सुकाणू धरून जवळच्या खाडीच्या तोंडाशी बोट आणली. आत गाव दिसत होतं, घरांवरची कौलं दिसत होती. पण पाणी उतरत होतं, आणि तोंडावरच्या वाळूवर लाटा फुटत होत्या. मच्छीमार बोटी पहाटेच निघून गेलेल्या. शिट्टी वाजवली, आरसा चमकवला. किनाऱ्यावर एक कुत्रं तेवढं होतं.

"आत घाल," सुभेदार पडल्या पडल्या म्हणाले. "भिऊ नगंस. हुकूम हाय माजा."

"तुमचा हुकूम पलटणीत," मामी म्हणाल्या. "हितं पाण्याचा हुकूम हाय." त्यांनी नांगर टाकला.

अडीच तास. गाव समोर, नवरा पायाशी, आणि ही बाई नांगर टाकून बसून. मी पुढं त्यांना विचारलं, ते अडीच तास तुम्ही काय केलंत? त्या म्हणाल्या, "तिथं एक काळा खडक हुता. त्याला निम्म्यात पांढरं शिंपलं चिकटल्यालं. पाणी शिंपल्यापत्तुर आलं की जायचं, असं मी ठरवलं. हे डोळं मिटून विचारायचं, 'किती चढलं?' मी सांगायची, 'चार बोटं.' परत विचारायचं, 'किती चढलं?' 'वीतभर.' बापू, आक्खा जन्म पाणी चढू नगं म्हणून किस्नामाईला हात जोडले. त्या दिवशी म्हणत हुते, चढ बाई, चढ. लौकर चढ."

पाणी शिंपल्यांना टेकलं तेव्हा एक मच्छीमार बोट परतली. तिच्या मागोमाग, तिनं कापलेल्या पाण्यातून, मामींनी 'सावकाश' आत घातली. पुढं टेम्पोतून दवाखाना. मच्छीमारानं दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची पिशवी आणून दिली, तेव्हा कुठं वहीतला माझा नंबर हाती आला. तो मच्छीमार डॉक्टरांसमोर म्हणाला, "ह्या बाईनं त्या वेळी आत घातली असती, तर आम्ही संध्याकाळी दोन मढी वेचली असती." डॉक्टर म्हणाले, ते खरं असेल, पण उशिरामुळं हृदयाचा बराच भाग गेला. दोघांचंही मामींनी ऐकून घेतलं. बोट त्यांनी त्या मच्छीमारालाच देऊन टाकली, शिट्टी-आरशासकट.

सुभेदार आणखी आठ महिने जगले, सांगलीत, स्वतःच्या पायरीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याला उडते मासे सांगत. सांगताना दम लागायचा, मग उरलेला मासा मामी उडवायच्या. मी ऐकायला रोज जायचो. एके दिवशी दुपारी ते झोपेत गेले. मामी रडल्या नाहीत. दिवस-कार्य सगळं नीट केलं, पिंडाला कावळा शिवेपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या, आणि वैशालीबरोबर पुण्याला जायला तयार झाल्या.

निघायच्या सकाळी मी सामान गाडीत ठेवायला गेलो. वैशाली डिकी लावता लावता थांबली. बरेच दिवस पोटात ठेवलेलं तिनं काढलं. "आई, एकच विचारते. तू तेव्हा लगेच आत गेली असतीस तर?"

मामी पायरीवर बसल्या. "तर दोघं बी गेलो असतो. मला आठ महिने मिळालं."

वैशालीनं डिकीवरचा हात काढला. मग माझ्याकडं वळली. "आणि बापूदादा, तुम्ही? मी फोन केला होता त्या दिवशी."

मी काही म्हणायच्या आत मामी म्हणाल्या, "त्याला काय विचारतीस? मी केला हुता त्याला फोन. फोन पाण्यात पडायच्या आदी."

जन्मात खोटं न बोललेली बाई माझ्यासाठी बोलली, आणि किती वाईट बोलली! डोळे जमिनीकडं, पदराशी चाळा. मला ते बघवेना. "नाही वैशाली," मी म्हणालो. "फोन आला नव्हता. मी खोटं बोललो."

"गप बस की मुडद्या!" मामी ओरडल्या.

"मला माहीत आहे," वैशाली म्हणाली. "तेव्हाच कळलं होतं. बापूदादा, तुम्हाला किती वाजले विचारलं तरी तुम्ही पाव तास घेता. त्या दिवशी दोन वाक्यांत फोन ठेवलात. ना मासे, ना मगर, काही नाही. मी तेव्हाच बॅग भरली. दिवसभर ती मांडीवर घेऊन बसून राहिले. परत फोन केला नाही. विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं."

मामी लेकीकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं. त्यांनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं हसतायत, आणि त्या हसतच होत्या. मग खांदे हलायला लागले आणि तेरा दिवस अडलेलं सगळं बाहेर आलं. वैशाली त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. गाडीची डिकी उघडीच होती. मी पलीकडच्या बाजूला बसलो, आणि बराच वेळ कुणीच निघायचं नाव काढलं नाही.